पेटी रिकामी आहे

इसामु मिस्त्रींनी समाजमंदिराच्या बंद दाराला पाठ टेकवली, थर्मासचं झाकण फिरवलं आणि कानोसा घेतला. रस्त्यावर कुणाचं पाऊल वाजत नव्हतं. गावाचा सहाचा भोंगा अजून व्हायचा होता आणि मतदान सातला सुरू होणार होतं, म्हणजे याही वेळी पहिला नंबर पक्का. झाकणाच्या काठाला आतून बोट लावून त्यांनी चहा ओतला. बोटाला चटका बसला की थांबायचं, हे आता अंगवळणी पडलं होतं.

पहिल्या नंबराचं जपानातल्या या ओकुदानी गावात मोठं अप्रूप. रांगेत सगळ्यांत पुढं जो उभा असेल, त्याला अधिकारी मतपेटी उघडून दाखवतात. तो आत डोकावतो, 'रिकामी आहे' म्हणतो, नोंदवहीत त्याचं नाव चढतं आणि मगच पेटीला कुलूप लागतं. बावीस वर्षं मिस्त्रींनी हा मान दुसऱ्या कुणाला मिळू दिला नव्हता. घरं बांधण्यात हयात गेलेला माणूस. काम तपासून 'ठीक आहे' म्हणायची त्यांना सवयच होती.

"तुम्ही रात्री इथंच अंथरूण टाकता की काय, मिस्त्री?"

ही मात्सुए. समोरचं सलून तिचं. नवरा गेल्यापासून एकटी चालवत होती, आणि बावीस वर्षं दुसऱ्या नंबरावर तीच होती.

"तू जरा लवकर उठत जा," मिस्त्री म्हणाले. "म्हातारपणी झोप बरी नव्हे."

"म्हातारी असेल तुमची काठी. एकदा, फक्त एकदा मला पुढं उभं राहू द्या. जातं काय तुमचं?"

"माझं सगळंच जातं."

मात्सुए हसली. तिला ती थट्टा वाटली. मिस्त्री मात्र खरं तेच बोलले होते.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेच्या बरोब्बर मधोमध एक राखी डाग आला आणि पसरत गेला. बाजूबाजूचं दिसायचं, ज्याच्याकडे बघावं ते नेमकं पुसलं जायचं. चालणं-फिरणं जमत होतं, वाटा पायांना पाठ होत्या. वाचणं संपलं होतं. शहरातल्या डॉक्टरनं आता उपाय नाही म्हणून सांगितलं, ते त्यांनी कुणालाच कळू दिलं नाही. पण नव्या वर्षाला मुलगी ओसाकाहून आली आणि बापानं तिच्यादेखत सूपमध्ये सोया सॉसऐवजी व्हिनेगर ओतलं. हारुमीनं तेव्हा ते नुसतं हेरून ठेवलं. काल रात्री मुक्कामाला आली तेव्हा बोलली. "उद्या मतदानानंतर सगळे मात्सुएमावशीकडे जमतील ना? मी येणार आहे. तुम्हाला दिसत नाही असं एकानं जरी सांगितलं, तर महिनाअखेरीला या घराला कुलूप. तुम्ही माझ्याकडे. आणि सगळे ठीक म्हणाले तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही." मिस्त्रींनी कबूल केलं होतं. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

पावणेसातला दार उघडलं. नगरकार्यालयाचा निशिवाकी लगबगीनं पुढं आला. त्याच्या टकलाची चमक तेवढी मिस्त्रींना कडेनं दिसली.

"या, मिस्त्री. तुमच्याशिवाय आमची निवडणूक सुरू कशी होणार? जरा बघून घ्या."

लोखंडी झाकण करकरलं. मिस्त्री कमरेत वाकले. आत राखी, बाहेर राखी. नाकाला गंज आणि कुलपाच्या तेलाचा नेहमीचा वास आला. त्यांनी मान हळूच डावीकडून उजवीकडे फिरवली, पुरेसा वेळ घेतला आणि सरळ झाले.

"रिकामी आहे."

"धन्यवाद. नाव लिहून घेतो," म्हणत निशिवाकी टेबलाकडे वळला.

"मलाही बघू द्या की," मात्सुए मागून म्हणाली. "निदान रिकामी पेटी तरी बघून मरते."

ती वाकली. मिस्त्रींच्या मनात आलं, हिला एवढा वेळ कशाला लागतोय. तिच्या ॲप्रनची सळसळ ऐकू आली, मग ती मागं सरली. नंतर एखादा टोमणा यायला हवा होता, तो आला नाही. कुलूप लागलं.

मत द्यायचं म्हणजे उमेदवाराचं नाव हातानं लिहायचं. मिस्त्रींनी आडोशाला जाऊन कागदाला चौकटीच्या कडेनं बारीक घडी पाडली, म्हणजे पेन्सिल बाहेर जात नाही. तिघांतल्या एकाचं नाव अगदी चार रेघांचं होतं. त्यालाच देऊन मोकळं व्हावं असा मोह झाला. पण त्यांना हवा होता तो दुसरा, आणि त्याचं नाव म्हणजे अक्षरांचं जंगल. घाम फुटेपर्यंत त्यांनी ते पुरं लिहिलं. मदत मागता आली असती. दोन कारकून शेजारी येतात, एक लिहितो, दुसरा लक्ष ठेवतो. पण दोन कारकुनांना कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळलं.

नऊच्या सुमारास मात्सुएचं सलून भरलं. दर निवडणुकीला हे ठरलेलं. मत द्यायचं, समोर यायचं, मुळ्याचं लोणचं आणि चहा घेत एकमेकांना आपापली कहाणी सांगायची. कुणाला दिलं ते नाही, बाकी सगळं. मिस्त्रींना मानाची खुर्ची, म्हणजे आरशासमोरची. हारुमी भिंतीशी बाकावर बसली होती.

"माझी पेन्सिल मोडली," बागवाल्या तोयोकीची बायको सांगत होती. "दुसरी मागायला गेले तर मतदानावर लक्ष ठेवायला बसलेला तो पंच माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याची पेन्सिल खाल्ली."

"तू एवढी दाबतेस कशाला? दगडावर कोरायचंय का?" तोयोकी म्हणाला. "माझं ऐका. मी आत गेलो तर निशिवाकी टेबलाखाली रांगतोय. मला वाटलं भूकंप आला. विचारलं तर म्हणतो, सकाळी पेटी पुसायला आणलेलं फडकं सापडत नाही. दुहेरी कापडाचं, आडवे-उभे टाके घातलेलं. बायकोनं शिवलेलं आहे म्हणे, घरी गेल्यावर धडगत नाही."

सगळे खो-खो हसले. मात्सुए कुणाचे तरी केस कापत होती. तिची कात्री क्षणभर थांबली.

"असेल तिथंच कुठंतरी," ती म्हणाली. "मिस्त्री, चहा गार होतोय."

मिस्त्रींनी कपाकडे हात नेला. कप त्यांना वाटला त्याहून बोटभर अलीकडेच होता आणि बोटांचा धक्का लागून चहा फळीवर सांडला. हारुमी बाकावरून अर्धी उठली.

"माझीच चूक, मी काठावर ठेवला होता," म्हणत मात्सुए धावली आणि ॲप्रनच्या खिशातलं हाताला लागलं ते फडकं तिनं चहावर टाकलं. त्याच वेळी मिस्त्रींचा हातही तिथं आला. बोटांखाली जाड दुहेरी कापड लागलं. त्यावर आडवे-उभे टाके होते, आणि त्याला गंजाचा न् कुलपाच्या तेलाचा वास येत होता. मात्सुएनं ते झटकन ओढून घेतलं, पण त्यांना जे कळायचं ते कळलं होतं.

त्यांचे कान गरम झाले. आपण वाकून, मान फिरवून, एवढं नाटक केलं, आणि फडकं पेटीत समोरच पडलेलं होतं. ते हिनं उचललं, खिशात घातलं आणि चकार शब्द काढला नाही. म्हणजे हिला आज कळलं? की आधीपासूनच माहीत होतं? मिस्त्रींना तिचा राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की त्यांनी मान खाली घातली.

हारुमी जवळ आली. ती मात्सुएशीच बोलली.

"मावशी, तुम्ही बाबांना रोज बघता. खरं सांगा. त्यांना दिसतं ना?"

"अगं, आज पेटी कुणी तपासली?" मात्सुए म्हणाली. तिचा आवाज ठणठणीत होता. "सरकारी वहीत नाव आहे तुझ्या बापाचं. पेटी रिकामी आहे, इसामु कुरातानी. याहून मोठा दाखला कोणता आणून देऊ तुला?"

"खरंच की," तोयोकी म्हणाला.

हारुमीनं श्वास सोडला. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलं हे मिस्त्रींना नुसत्या त्या श्वासावरून समजलं. झालं. आता ती संध्याकाळच्या गाडीनं जाईल, पुन्हा विषय काढणार नाही. घर आपलं, वाट आपली. फक्त गप्प बसायचं होतं.

मिस्त्रींनी आयुष्यात साठच्या वर घरं उभी केली होती. प्रत्येक घराच्या आढ्यावर फळी ठोकायची, तिच्यावर तारीख आणि बांधणाऱ्याचं नाव. एकदा एका मालकानं घाई केली आणि एक खांब केसभर कलता राहिला, तर त्यांनी फळीवर नाव घातलं नव्हतं. मालक रुसला, पैसे कापले, तरी नाही घातलं. खोट्या कामावर त्यांचं नाव कधीच लागलं नव्हतं. आज सकाळी लागलं होतं.

"हारुमी," ते म्हणाले. "पेटीत फडकं होतं."

कुणालाच काही समजलं नाही.

"निशिवाकीचं फडकं पेटीत राहिलं होतं. मी वाकून बघितलं आणि रिकामी म्हणून सांगितलं. मला दिसलं नाही. हिनं काढलं." त्यांनी मात्सुए जिथं असेल तिकडे तोंड केलं. "मला पेटीच दिसली नाही. कपही दिसला नाही."

तोयोकीनं हातातला चहा हळूच खाली ठेवला. त्याच्या बायकोनं लोणच्याच्या ताटलीवर उगीचच झाकण घातलं.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" मात्सुएचा आवाज फुटला. "सांगा ना, कुणी विचारलं होतं? सगळं नीट झालं होतं की हो."

"वहीत माझं नाव आहे, मात्सुए."

"असू दे नाव. नावाला काय करायचंय? तुम्ही गेल्यावर त्या दारात पहाटे मी कुणाशी भांडू?"

असं बोलून तिनं पाठ फिरवली आणि पुसलेलाच आरसा पुन्हा पुसायला घेतला. तिचे खांदे हलत होते. मिस्त्रींना ते दिसलं नाही, पण आरशावर घासणाऱ्या कापडाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"मी निशिवाकीला सांगून येतो," ते उठत म्हणाले. "माझं नाव खोडून तुझं घालायला लावतो. बघितलंस तू. पहिला नंबर तुझा."

"मला नको."

"बावीस वर्षं मागतेस."

"म्हणून असा घेऊ?"

दाराशी त्यांनी पायानं चपला चाचपल्या. हारुमीनं खाली बसून त्या सरळ करून पुढं ठेवल्या आणि त्यांचा दंड धरला. एरवी त्यांनी झिडकारला असता. पाठमोरी मात्सुए सोडून सलूनमधले सगळे बघत होते. त्यांनी हात तसाच राहू दिला.

रस्त्यावर ऊन आलं होतं. कोपऱ्यावरून मत देऊन येणारी दोन माणसं वाकून नमस्कार करून गेली.

"किती दिवस झाले?" हारुमीनं विचारलं.

"तीन वर्षं."

ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती रागावली नाही. रडत असावी, कारण मध्येच तिचं पाऊल चुकलं आणि त्यांनीच तिला सावरलं. रस्ता तेवढा तीस पावलांचा. पंधराव्या पावलाला मिस्त्री थांबले.

"तुमच्याकडे मतदान कुठं असतं?"

"शाळेत. मागच्याच गल्लीत."

"तिथं पहिलं कोण जातं?"

"मला काय माहीत, बाबा. मी जेवून दुपारी जाते."

"दुपारी," मिस्त्री म्हणाले. हे त्यांना अजिबात पसंत पडलं नाही. समोर, समाजमंदिरातून, कुणाला तरी कागद देणाऱ्या निशिवाकीचा आवाज येत होता.

"यापुढं साडेपाचला निघायचं," ते म्हणाले. "पेटी तू बघायची. नीट बघायची, घाई नाही करायची. मी तुझ्यामागं दुसरा उभा राहीन."