व्हर्नाबाईंच्या नावावरचा खटला

मी एक जुना संगणक आहे. व्हॅन नाइस या अमेरिकी उपनगरातल्या एका गॅरेजमध्ये, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, माझी उमेदीची वर्षं गेली. मित्रांनो, माझ्या मालकीणबाई व्हर्ना कास्टेलो या कर्करोगाच्या वॉर्डातून निवृत्त झालेल्या नर्स. शस्त्रक्रियेनंतर नवऱ्याजवळ जायलाही घाबरणाऱ्या बायकांसाठी त्यांनी वेबसाइट काढली होती आणि ती मी सांभाळत असे. डॉक्टरांना विचारायची लाज वाटे ते बायका तिथे विचारत. इस्पितळं स्वतःहून आमचा पत्ता देत. तेव्हा मला माझा फार अभिमान वाटे.

मग सरकारचा नियम आला. शरीरसंबंधांविषयी लिहिणाऱ्या प्रत्येक वेबसाइटनं फक्त प्रौढांसाठी राखलेलं वेगळं नाव, म्हणजे इंटरनेटवरचा नवा पत्ता, विकत घ्यायचा. इस्पितळांच्या संगणकांवर प्रौढांची पानं बंद केलेली असत, त्यामुळे त्या नावाची पानं तिथे उघडतच नसत.

नवी नावं महाग होती, म्हणून प्रौढांचे चित्रपट काढणाऱ्यांनाही हा नियम नको होता. त्यांच्या संघटनेचे कर्टिस घरी आले.

"मॅडम, आमचं तोंड बघूनच न्यायाधीश नाक मुरडेल. तुम्ही पडलात नर्स. सरकारवरचा खटला तुमच्या नावावर होऊ दे, खर्च आमचा."

"लेखी द्याल?" व्हर्नाबाईंचे यजमान डेल यांनी विचारलं.

"माझ्या शब्दावर विश्वास नाही का?"

"तुमच्या धंद्यात अंगावर कपडे टिकत नाहीत, शब्द कुठला टिकायला!"

व्हर्नाबाई हसल्या आणि त्यांनी वकिलाच्या कागदावर सही केली.

खटला रेंगाळला. दुसऱ्या वर्षी संघटनेनं सरकारशी परस्पर तडजोड केली. तिच्या सभासदांना नवी नावं स्वस्तात मिळाली. कर्टिस फोन उचलेनासे झाले. वकिलाची फी मात्र सही करणाऱ्याच्याच गळ्यात पडली. खटला अर्ध्यावर सोडूनही ती फिटेना, म्हणून घर विकावं लागलं.

"तू तेव्हाच बोलला होतास, डेल."

"बोललो, आणि मग पेनही मीच दिलं तुला."

सामान बांधून झालं, त्या दुपारी एका बाईचा प्रश्न आला. 'टाके निघाले. हे अजून माझ्याकडे बघत नाहीत. काय करू?' व्हर्नाबाईंनी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ते पोचलं की नाही, मला ठाऊक नाही. तेवढ्यात घर घेणाऱ्यांनी वीज तोडली.

आता मी भंगारात आहे. मित्रांनो, मला कुणी दुरुस्त करावं असं माझं मागणं नाही. तुमच्या भांडणात कुणा भल्या माणसाला पुढे कराल, तेव्हा तेवढं त्याच्या पाठीशी उभे राहा. व्हर्नाबाईंच्या पाठीशी कुणी राहिलं नाही. आणि त्या बाईला उत्तर कोण देणार, हे मला अजून कळलेलं नाही.