सरकलेली रेघ

तारे जिथे जन्मतात त्या थंडगार ढगांत गंधक असायला हवं त्याच्या मानाने नगण्यच सापडतं. बाकीचं कुठे दडी मारून बसलंय, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बाबांना सांगितलं की ते खोकत खोकत हसायचे. "माझ्या छातीत बघ, सगळं तिथेच आहे." जन्मभर ते टायरच्या कारखान्यात गंधक घालून रबर पक्कं करायच्या भट्टीवर होते.

शेवटी रेडिओ दुर्बिणीच्या आलेखावर एक रेघ उभी राहिली. गंधकाचा एक नवा रेणू ज्या लहरीवर दिसायला हवा, बरोब्बर तिथे. मोठ्या सरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सभागृह ठरलं, पत्रकार बोलावले. माझी नोकरी कंत्राटी, ती पक्की होणार होती या रेघेवरच.

"आणि पडताळणी?" मी विचारलं.

आमचा रिसीव्हर दोन बाजूंच्या लहरी एकदम ऐकतो, हव्या त्या आणि पलीकडच्या नको त्याही. म्हणून ट्यूनिंग जरा हलवून पुन्हा बघायचं असतं. खरी रेघ जागची हलत नाही, पलीकडून घुसलेली सरकते. वेळ वाचवायला सरांनी नेमकं हेच गाळलं होतं.

"नंतर करू," ते म्हणाले. "कुठे पळून जातेय ती?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दुर्बीण माझ्या हातात होती, सरांच्या लाडक्या ताऱ्यासाठी. तारा गेला खड्ड्यात. मी दुर्बीण रेघ सापडलेल्या ढगाकडे वळवली आणि ट्यूनिंग हलवलं. रेघ सरकली. उलट्या बाजूला हलवलं, तर बाईसाहेब तिकडेही निघाल्या. गंधक नव्हतंच. पलीकडची कुठलीतरी नेहमीचीच रेघ आमच्या घरात शिरली होती. मी रडले, खोटं कशाला सांगू.

सभागृहाच्या दारात मी सरांना आलेख दाखवला. त्यांचा चेहरा उतरला.

"आज मूग गिळून बस. महिन्याभराने हळूच दुरुस्ती छापू. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं आहे, विसरू नकोस."

"तेच तर. पहिलं नाव माझं आहे."

"नोकरीवर पाणी सोडावं लागेल."

"सोडलं."

मंचावर जाऊन मी माईक ओढला. "आम्हाला नवा रेणू सापडलेला नाही. पडद्यावरची रेघ खोटी आहे. गंधक अजून बेपत्ता आहे आणि मी ते शोधणार आहे. इथे ठेवा, नाहीतर हाकला."

पत्रकारांच्या माना सरांकडे वळल्या. फक्त पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा टाळ्या वाजवत होते. कारखान्यातल्या गोंगाटाने त्यांना कमी ऐकू येतं. लेक बोलली, एवढंच त्यांना कळलं होतं. शेजारच्या पत्रकाराने वाकून त्यांच्या कानात मोठ्याने सांगितलं, "काका, काहीच सापडलेलं नाही. ती स्वतःच सांगतेय."

बाबांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. आणि पुन्हा टाळ्या सुरू केल्या, आधीपेक्षा जोरात.