पोटातली चीर

माझी दोन मुलं जन्मताच गेली होती आणि आता आठवा महिना सरत होता. आमच्या लोमामी नदीकाठच्या गावाची राखणदार मूर्ती वाळवीने खाल्ली, म्हणून माझे बाबा, कितेंगे, नवी कोरत होते. वैद्य येम्बा तिच्या पोटात औषधं भरेल, तेव्हाच त्या लाकडात आयाबाळांना राखायची ताकद येणार होती.

विधीच्या सकाळी सगळं गाव जमलं. येम्बाने औषधाची पुडी उचलली आणि बाबा एकदम ओरडले, "थांब! पोटाला चीर गेलीय. मी डिंकाने बुजवलीय."

"हे आता सांगतोस?" येम्बा कडाडला. "नवं झाड पाडून कोरायला महिना जाईल. तोवर पोरीचं काय?"

"तिच्यासाठीच गप्प होतो रे. पण फसवी मूर्ती तिला काय राखणार?"

बाबांनी स्वतःच कुऱ्हाड घालून मूर्ती फोडली.

नवी निम्मीच झाली होती, तेव्हा मला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. तीन दिवस बाबा तिला दारातूनच बघत राहिले. चौथ्या दिवशी आत आले, तिच्या नाकाजवळ बोट धरलं आणि बोटाला तिचा श्वास जाणवताच मटकन खाली बसले.