अडतीस मिनिटांचा फेस

आमच्या चौदा नंबरच्या विहिरीचं तेल म्हणजे महाआळशी प्रकरण. मधापेक्षा दाट, बाटली उलटी धरली तरी बाहेर पडायला वेळ लावणारं. जमिनीखालच्या वाळूतून ते वर येतं ते केवळ त्यात विरघळलेल्या वायूच्या जिवावर. पंप चालू झाला, दाब उतरला की वायूचे बारीक बारीक बुडबुडे सुटतात, पण तेल इतकं चिकट की ते त्यांना एकमेकांना भेटूच देत नाही. मग सगळं फुगतं, फेसाळतं आणि वर ढकललं जातं. पंप फार दिवस थांबला तर बुडबुडे हळूहळू एकत्र येतात, वायू आपल्या वाटेने निघून जातो आणि तेल खाली बसून राहतं. मग काही केल्या उठत नाही.

हे मला पुस्तकांच्या आधी दादाने शिकवलं. माझा थोरला भाऊ अठरा वर्षं त्या एकाच विहिरीचा पंप सांभाळत होता. मी कंपनीच्या प्रयोगशाळेत. दोघांमध्ये चार किलोमीटरचा रस्ता आणि लहानपणापासून चालत आलेली भांडणं.

एक दिवस वरून फर्मान आलं: चौदा नंबरच्या तेलातला फेस किती टिकतो ते मोजा. मी काचेच्या उभ्या नळीत तेल भरलं, दाब सोडला, फेस चढला, घड्याळ लावलं. फेस निम्म्यावर यायला अडतीस मिनिटं लागली. तीनदा केलं: अडतीस, सदतीस, अडतीस. इतका सरळ वागणारा आकडा आमच्याकडे क्वचित मिळतो, त्यामुळे मी खूश. सही ठोकली आणि कागद पाठवला. कशासाठी हवाय, हे विचारलं नाही. तो गाढवपणा माझाच, कुणाच्या माथी मारणार नाही.

आठवड्याने कळलं. तेल जमा होणारी मोठी टाकी तीन आठवडे दुरुस्तीला जाणार होती. तोवर तात्पुरत्या छोट्या टाकीवर एकच विहीर चालवता येणार होती. चौदाचा फेस अडतीस मिनिटांतच बसतो, म्हणजे तिच्यात आता दम नाही, असा हिशेब करून साहेबांनी नऊ नंबर निवडली. चौदा बंद.

दादा त्याच दुपारी तेलकट बुटांनिशी थेट माझ्या टेबलाशी आला.

"अडतीस मिनिटं तू लिहिलीस?"

"हो. तेवढीच आली."

"कशात आली?"

"काचेत."

"माझं तेल काचेत राहतं का गं? वाळूत राहतं. कणाकणाच्या फटीत बुडबुडे अडकून बसतात. मागे पंप बिघडला तेव्हा दोन दिवस बंद होती विहीर. चालू केल्यावर पुन्हा फेसच आला. दोन दिवस सोसते ती. तीन आठवडे नाही सोसणार."

मी बूट पुसून ये म्हणायचं विसरले. त्याचं बरोबर होतं, शब्दन् शब्द. त्याने सोबत आणलेली नोंदवही चाळली आणि तशीच उठून साहेबांकडे गेले.

साहेब वाईट माणूस नव्हता, हेच तर दुखणं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आकडा चुकलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. पण तो काचेतला आहे. वाळूत फेस कितीतरी जास्त टिकतो. मागे दोन दिवस विहीर बंद होती, तरी फेस आला होता."

"किती?"

"ते वाळू भरलेल्या नळीत मोजावं लागेल. दोन महिने तरी."

"टाकी सोमवारी बंद होतेय. दोन दिवसांनी फेस आला होता म्हणता, त्याची नोंद?"

दादाची नोंदवही मी आधीच पाहून आले होते. त्या तारखेला त्याच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: पंप चालू, सर्व ठीक.

"मग आत्ता आपल्या हातात काय आहे?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

"अडतीस मिनिटं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सोमवारी पंप दादानेच बंद केला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ते तीन आठवडे तो रोज विहिरीवर जाऊन नुसता बसायचा. मी वाळूची नळी भरायला घेतली होती, उशीर झालाय हे माहीत असून. वहिनी फोनवर म्हणाली, "जेवतात, झोपतात, पण घरात नसतात गं."

बाविसाव्या दिवशी पंप चालू झाला. मी तिथेच होते. आधी नुसता वायू आला, सुसाट. दादाने नमुन्याच्या तोटीखाली बादली धरली. खूप वेळाने तेल आलं, वाटीभर. सपाट, काळं, चकचकीत. त्यात एक बुडबुडा नव्हता. चार दिवस दादाने जंग जंग पछाडलं, पाचव्या दिवशी चौदा नंबर कायमची बंद म्हणून जाहीर झाली.

पुढच्या बैठकीत साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रयोगशाळेने आधीच सांगितलं होतं, या तेलात फेस टिकत नाही. आपण योग्य विहीर वाचवली." लोकांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी उभी राहून "तसं नाहीये" म्हणाले. त्यांना तो विनय वाटला.

बाहेर दादा थांबला होता. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "तेल आधीच मेलं होतं. मला इतकी वर्षं कळलंच नाही. उगाच तुझ्याशी भांडलो."

"नाही रे दादा! तूच बरोबर होतास. आपण ती बंद ठेवून मारली. तो आकडा तिथे लागूच होत नव्हता."

"समजूत काढू नकोस."

"समजूत नाही काढत. खरं सांगतेय!" मी जवळजवळ किंचाळले. येणारेजाणारे बघायला लागले.

त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी मी हरल्यावर ठेवायचा तसा.

"तीनदा मोजलंस ना? सही तुझीच ना?" तो म्हणाला. "मग तुझ्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवू?"