एकच डुबुक

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. खोटं वाटत असेल तर वालूरच्या अलीकडं आमचं गाव आहे, विहीरही जागेवरच आहे. त्या सरकारी विहिरीवर आधी किशनराव देशमुखांच्या घरचं पाणी शेंदायचं, मग आम्हा बौद्धवाड्याचं, असा रिवाज. विहिरी खोदायच्या कामावर राबलेली आमची मालनबाई एक दिवस घागर घेऊन बरोबरीनं उभी राहिली.

किशनराव म्हणाले, "मालन, जड आधी जातंय, हलकं मागून. जगाचा नियमच हाय."

"हिरीत टाकून बघू की, मालक. तुमचा धोंडा, माझा खडा. संगं पडले तर पाणी बी संगं."

दोघांनी एकदम सोडले. डुबुक एकच वाजलं. किशनरावांनी पाटा आणवला, मग जातं, मग चुना मळायच्या घाण्याचं दगडी चाक. मालनबाईचा खडा दरवेळी सुपारीएवढाच, आणि डुबुकही दरवेळी एकच.

दुपारपर्यंत विहिरीत एवढे धोंडे झाले, की पाणी काठाला आलं. मालनबाईनं दोर बाजूला टाकला आणि हातानंच घागर बुडवली.

"अजून एखादं जातं असंल तर टाका, मालक," ती म्हणाली. "बौद्धवाड्यापर्यंत पाट जाईल."