काटा आठावरून का उतरला

ते साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. त्या वर्षीच्या खंडेनवमीनंतर दहा दिवसांत कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका भल्या माणसाच्या गॅरेजला कुलूप लागता लागता राहिले. मी ते डोळ्यांनी पाहिले, असे म्हणाले असते. पण मला डोळे नाहीत, एक काटा आहे. मित्रांनो, मी दाब मोजणारे एक जुने घड्याळ आहे. कोणी मला गेज म्हणते, कोणी मीटर. ख्वाजाभाई मिस्त्री मात्र शेवटपर्यंत घड्याळच म्हणत, म्हणून मीही स्वतःला तेच म्हणते.

मी तळहातावर मावेन एवढे आहे. तोंडावर शून्यापासून पंधरापर्यंत पौंडांचे आकडे आहेत. पोटात पितळेची एक वाकडी नळी आहे. दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि माझा काटा पुढे सरकतो. मला आयुष्यभर एकच गोष्ट सांगता आली, दाब किती आहे ती. तो का वाढला किंवा का उतरला, हे मला कधीच सांगता आले नाही.

सहासष्ट साली मुंबईच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला आणि मी थेट उद्यमनगरातल्या एका मोठ्या कारखान्यात आले. तिथे विहिरींवर बसणारी ऑइल इंजिने तयार होत. प्रत्येक इंजिन बाहेर पडण्याआधी माझ्यासमोर धडधडायचे आणि त्याच्या ऑइलचा दाब मी सांगायचे. अकरा वर्षे मी ते काम केले. मग एके दिवशी पाना निसटून माझ्यावर पडला, काचेला तडा गेला, आणि मी भंगाराच्या पेटीत जाऊन पडले. खाली गंजके बोल्ट, वर मोडकी स्प्रिंग. अडगळ म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

ख्वाजाभाईंनी मला तिथून उचलले. त्यांचे दोन गाड्या मावतील एवढे गॅरेज होते. त्यांनी मला पेट्रोलने धुतले, मऊ फडक्याने पुसले आणि भिंतीवर एक खिळा खास माझ्यासाठी ठोकला. तडा तसाच ठेवला. "दिसाय येतंय तंवर काच कशाला बदलायची," असे ते बायकोला, ताजबीला, म्हणाले. त्या उपकाराची फेड कशी करायची, हे मला पुढे सात वर्षे सुचले नाही.

मग जोतीरामची मोटार आली.

जोतीराम हातकणंगल्याचा बागायतदार. त्याला शर्यतीचे वेड. मद्रासकडच्या शर्यतीत उतरायचे म्हणून त्याने आपल्या जुन्या फियाटला टर्बो बसवायचे ठरवले. एका परदेशी जनरेटरचा लहानसा टर्बो त्याने कुठूनतरी पैदा केला होता. टर्बो म्हणजे काय, सांगते. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा तो एक पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून गाडी सुसाट पळते. पण हवा जास्त गेली की पेट्रोलही तितकेच जास्त लागते. ते मिळाले नाही तर इंजिन उपाशीपोटी धावते, आधी खोकते, मग इतके तापते की आतला पिस्टन वितळतो.

तसेच झाले. टर्बो घुमू लागला की गाडी खोकायची. कोणी म्हणाले प्लग खराब, कोणी म्हणाले पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. ख्वाजाभाईंनी कोणाचे ऐकले नाही. त्यांनी मला खिळ्यावरून काढले, पेट्रोलच्या नळीला जोडले आणि बॉनेटवर, समोरच्या काचेच्या बाहेर घट्ट बांधले. पेट्रोलची नळी माणसे बसतात तिथे आत आणायची नाही, हा त्यांचा नियम होता.

"टर्बोनं पाच दिलं तर घड्याळात आठ पायजे," ते जोतीरामला म्हणाले. "हवेपेक्षा पेट्रोलचा जोर तीन तरी जास्त पायजे. न्हायतर ते आत शिरंलच कसं?"

मी आठ दाखवलेच नाहीत. टर्बो घुमला की त्याच क्षणी मी तीनावर यायचे. म्हणजे जुना पंप अपुरा होता. तेव्हा ख्वाजाभाईंनी महिनाभर खपून नवा पंप स्वतः केला. शेजारच्या पिराजी टर्नरने लेथवर त्याचे भाग कातून दिले. आतला रबराचा मोठा पडदा ख्वाजाभाईंनी हाताने कापला. नवमीच्या आदल्या दिवशी पंप गाडीवर चढला.

खंडेनवमीला उद्यमनगरात हत्यारांची पूजा असते. लेथ, पाने, हातोडे, सगळ्यांना धुऊन पुसून झेंडूची फुले. ख्वाजाभाई दर वर्षी आपली अवजारे मांडून ठेवत आणि शेजारीपाजारी येऊन पूजा करत. त्या वर्षी जोतीरामची आई आली. तिला सगळे आक्का म्हणत. लेक एवढ्या वेगाने गाडी पळवणार म्हणून गाडीची पूजा तिने स्वतःकडे घेतली. तिने वाटीत हळदकुंकू ओले कालवले आणि मोटारीच्या दिव्यांना, चाकांना, पेट्रोलच्या टाकीच्या टोपणाला जाड बोटे ओढली. मग माझ्याकडे वळली.

"आक्का, काचेवर लावू नगासा. आकडा दिसायचा न्हाई," ख्वाजाभाई म्हणाले.

तिने माझ्या पितळी कडेवर एक ठिपका दिला. मला फार बरे वाटले. कारखान्यात अकरा नवम्या झाल्या, पण माझी आठवण कोणाला झाली नव्हती.

दसऱ्यानंतर गाडी जोतीरामच्या माळावर नेली. तिथे त्याने रोलर फिरवून दोन मैलांचा गोल रस्ता केला होता. पहिल्या फेरीत टर्बो घुमला आणि मी ताठ आठावर उभे राहिले. दुसऱ्या फेरीतही आठ. तिसरीत माझा काटा थरथरला आणि सहावर आला. चौथीत चार. गाडी खोकू लागली.

परत येऊन पाहिले तर सगळे ठीक. टर्बो तापलेला असतो, म्हणून इंजिन लगेच बंद करायचे नसते. ते तसेच चालू ठेवून ख्वाजाभाई टोपण उघडत आणि टाकीत काठी बुडवून पेट्रोल किती उरले ते बघत. ही धोक्याची सवय होती, मित्रांनो, तुम्ही कधी करू नका. पेट्रोल भरपूर असायचे. पुन्हा निघाले की पुन्हा आठ, आणि चौथ्या फेरीला पुन्हा चार. त्यांनी गाळणी साफ केली, नळी बदलली, कार्ब्युरेटर खोलून पुन्हा जोडला. फरक पडला नाही.

"ख्वाजाभाई, पंपच कमी पडतोय," जोतीराम म्हणाला. "राग मानू नका. पुण्यातनं तयार पंप आणतो, तिथलाच मिस्त्री बसवंल."

हे बोलणे चहाच्या गाड्यापाशी झाले. भोवती दहा माणसे होती. ख्वाजाभाईंनी कप खाली ठेवला. "माझ्या पंपात खोट निघाली तर गॅरेजला कुलूप लावीन आन् ताजबीच्या माहेरी म्हशी राखाय जाईन."

घरी हे कळल्यावर ताजबी एवढेच म्हणाली, "माझ्या माहेरी म्हशी न्हाईत. शेळ्या हाईत."

पण कोल्हापुरात चारचौघांत काढलेला शब्द मागे घेता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून पिराजी येता-जाता विचारू लागला, "मिस्त्री, कुलूप लहान आणू का मोठं?" तो चेष्टा करत होता, पण काळजीही त्यालाच जास्त होती. शेवटी तोच म्हणाला, "लेकांनो, पंपाला कशाला नावं ठेवतासा? ते फुटकं घड्याळच खोटं बोलतंय. भंगारातनं आणलंय न्हवं?"

हे ऐकून माझी वाकडी नळी आतल्या आत आणखी वाकडी झाली असेल.

ख्वाजाभाईंनी माझी परीक्षा घेतली. पिराजीच्या छपरावर पाण्याची टाकी होती. तिच्यातले पाणी माझ्यापासून बरोबर साडेअठरा फूट उंच राहील अशी त्यांनी नळी लावली. एवढ्या उंचीवरचे पाणी बरोबर आठाचा दाब देते. पाणी सोडले आणि मी आठावर उभे राहिले. केसभरही इकडेतिकडे नाही.

मी खरे ठरले, मित्रांनो, आणि त्यामुळे ख्वाजाभाई खोटे ठरले. घड्याळ बरोबर असेल तर दोष पंपाचाच, दुसरे काय? त्यांनी मला काढले, फडक्याने पुसले. "तू खरं बोललंस," असे ते पुटपुटले आणि बाजारात जाऊन एक पितळी कुलूप घेऊन आले.

रविवारी शेवटची चाचणी ठरली. सोमवारी जोतीराम पुण्याला जाणार होता. माळावर पिराजी आला. आक्का आली, चहासाठी स्टोव्ह घेऊन. आणि न बोलावता ताजबीही आली. "कुलूप यांच्या खिशात हाय, किल्ली माझ्याकडं पायजे," ती आक्काला म्हणाली. दोघी बाभळीच्या सावलीला बसल्या.

त्या दिवशी ख्वाजाभाई स्वतः गाडीत जोतीरामच्या शेजारी बसले. पहिली फेरी आठ, दुसरी आठ, तिसरी सहा, चौथी चार. जोतीरामने हट्टाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. बाभळीजवळ येता येता इंजिन एकदा खोकले आणि बंदच पडले. माळावर अचानक शांतता झाली.

ख्वाजाभाई उतरले, सवयीने मागे गेले आणि टोपण फिरवले. फुस्स असा लांब आवाज आला. पाण्याचा तांब्या घेऊन ताजबी मागेच उभी होती.

"त्यो आवाज कशाचा?"

"टोपणाचा. तू बाजूला हो."

"रोज येतोय का?"

ख्वाजाभाईंनी आठवून पाहिले. रोज टोपण उघडताना इंजिन चालू असे. आवाज आला असता तरी ऐकू आला नसता.

"ती हवा आत गेली, भाईर न्हाई आली," ताजबी म्हणाली. "गोडेतेलाचा डबा फोडताना मी दोन भोकं पाडते. एकच पाडलं तर तेल गटक गटक करून अडतंय. तेल भाईर यायला हवा आत जायला लागती. तुमच्या टाकीचं दुसरं भोक कुठं हाय?"

ते भोक टोपणातच असते. सुईएवढे. ख्वाजाभाईंनी टोपण उजेडात धरले. भोक दिसेना. त्यांनी नखाने खरवडले आणि नखाखाली तांबडी पापडी आली. वाळून दगड झालेले हळदकुंकू. चार फेऱ्यांत टर्बो इतके पेट्रोल पिऊन टाकायचा की बंद टाकीत पोकळी व्हायची आणि बिचारा पंप त्या पोकळीशी झगडत राहायचा. मग टोपण उघडले की हवा आत शिरायची आणि सगळे पुन्हा ठीक.

ख्वाजाभाईंनी नखाकडे पाहिले, मग सावलीत बसलेल्या आक्काकडे. स्टोव्हची पिन मागून घेतली आणि तिच्याकडे पाठ करून भोक मोकळे केले.

"धूळ बसली हुती भोकात," ते म्हणाले.

"धूळ तांबडी कवापासनं झाली?" पिराजीने विचारले.

"हातकणंगल्याची माती हाय. तुला काय ठावं?"

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. "मिस्त्री, तुमाला खोटं बोलाय येत न्हाई. ते कुक्कू माझं हाय. गाडी ज्या तोंडानं खाती त्याला आदी लावावं म्हटलं, आन् मी तोंडच बांधलं की तिचं." तिचे डोळे भरले होते. "माझ्यापायी तुमचं गॅरेज जात हुतं."

"आक्का, हितं कळलं ते बरं झालं," ख्वाजाभाई म्हणाले. "शर्यतीत अडलं असतं तर पिस्टन वितळला असता, आन् जोतीरामचं काय झालं असतं ते मी बोलत न्हाई. बसा. चहा टाका."

त्यानंतर जोतीरामने आठ फेऱ्या मारल्या. मी आठावरून हलले नाही. परत येऊन त्याने ख्वाजाभाईंच्या खिशातले कुलूप काढले आणि ताजबीच्या हातावर ठेवले. "भाभी, हे तुमच्या तेलाच्या डब्याला लावा," तो म्हणाला. मग ख्वाजाभाईंसमोर मान खाली घालून उभा राहिला. त्यांनी त्याच्या पाठीवर ऑइलचा हात ठेवला. पांढऱ्या शर्टावर पंजा उमटला. तो शर्ट त्याने पुढे शर्यतीत घातला.

शर्यतीत तो पाचवा आला. पण गाडी शेवटच्या फेरीपर्यंत न खोकता पळाली.

या गोष्टीला आता खूप वर्षे झाली. जोतीरामने दोन वर्षांनी शर्यती सोडल्या आणि मुलीच्या बारशाच्या आठवड्यातच टर्बो काढून ठेवला. फियाट त्याच्या गोठ्याशेजारी अजून उभी आहे. पिराजीने लेथ विकला आणि तो चंदगडला लेकीकडे काजूच्या बागेत राहायला गेला. तिथूनही पत्रात विचारायचा, "कुलूप कसं आहे?" आक्का दर नवमीला टोपणाला कुंकू लावायची आणि लगेच कनवटीची पिन काढून भोक मोकळे करायची. ती गेली तेव्हा ती पिन जोतीरामने गाडीच्या किल्लीला अडकवली. ख्वाजाभाईंनी आणखी एकोणीस वर्षे गॅरेज चालवले. ते गेल्यावरही दारे कोणी बंद केली नाहीत. तिथे आता त्यांचा पुतण्या काम करतो. कुलूप ताजबीच्या तेलाच्या कपाटाला आहे.

आणि मी ताजबीच्या घरी, खिडकीजवळच्या खिळ्यावर आहे. माझा काटा शून्यावर विसावला आहे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरातले जुने मीटर, काटा, माप भंगारात टाकण्याआधी एकदा पुसून बघा. ते अजून खरे बोलत असेल. आणि ते खरे बोलले म्हणून लगेच एखाद्याच्या हाताला दोष देऊ नका. मी फक्त किती ते सांगते. का ते माणसांनीच शोधायचे असते, आणि त्यासाठी कधीकधी इंजिन बंद करून ऐकावे लागते.

ताजबीचे हात आता कापतात. तरी खंडेनवमीला ती मला खाली उतरवते, मऊ फडक्याने काच पुसते. तड्यापाशी हळू पुसते. पितळी कडेवरच्या त्या तांबड्या ठिपक्याशी आली की मात्र तिचा हात थांबतो, आणि ती तेवढी जागा सोडून पुढे जाते.