वाल्मिकने टॅप केलं नाही

ज्ञानेश्वरी दिवसा नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पार्ट तपासायची आणि संध्याकाळी नगरमध्ये, सावेडीतल्या एका हॉलमध्ये जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवरची कुस्तीसारखी झुंज, शिकायची. तीन महिने झाले होते. तिथल्या शामकांत सरांनी सगळ्यांना पहिल्या दिवशी डाव शिकवलाच नव्हता. "समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थापटलं की टॅप," ते म्हणाले होते. "म्हणजे हरलो, सोड. धरणाऱ्यानं त्याच क्षणी सोडायचं."

वाल्मिक नवीन होता. जामखेडकडचा, सव्वीस वर्षांचा, दहा वर्षं तालमीत काढलेला. त्या दिवशी सर त्याला गार्ड दाखवत होते: पाठीवर पडायचं आणि वर आलेल्याला दोन्ही पायांत अडकवून ठेवायचं.

"आमच्यात पाठ टेकली की कुस्ती संपली," वाल्मिक म्हणाला. "हितं तर पाठीवर पडूनच सुरुवात!"

"इथं खालचा हरलेला नसतो. आणि श्वास कोंडला तर टॅप कर."

"मला न्हाई लागायचं त्ये."

सरांनी त्याची जोडी ज्ञानेश्वरीशी लावली. पाच मिनिटं, जोर न लावता.

"भिऊ नका ताई," वाल्मिक हसत म्हणाला. "हळूच धरतो तुमाला." कडेला बसलेली दोघं-तिघंही हसली. ज्ञानेश्वरीची कानशिलं तापली. ती पाठीवर पडली आणि तिनं त्याची कंबर पायांत घेतली.

त्यानं पहिल्याच झटक्यात तिला चेपलं. छातीवर सगळा भार आला. तिनं कंबर सरकवली, जागा केली, पुन्हा पाय बांधले. तो चिडला आणि एक हात तिच्या पायाखालून घालून पुढं रेटायला लागला. सरांनी हेच सांगितलं होतं: एक हात आत, एक बाहेर, म्हणजे ट्रँगल, पायांचा गळफास. तिनं एक पाय त्याच्या मानेवर टाकला, दुसऱ्या गुडघ्याखाली पाऊल अडकवलं आणि त्याचं डोकं खाली ओढलं. त्याची मान तिच्या मांडीत आणि त्याच्याच खांद्यात दाबली गेली.

तो उठायला लागला. तिला घेऊनच. तिची पाठ मॅटवरून सुटली.

"उचलू नको!" सर ओरडले. "वाल्मिक, टॅप कर!"

त्याचा चेहरा जांभळा झाला होता. हात तिच्या मांडीवर होता, बोटं रुतलेली. ती थापेची वाट बघत होती. थाप आली नाही. गुडघे वाकून तो परत खाली आला. मग बोटं सैल झाली. ते तिला जाणवलं. तरी तिनं पाय सोडले नाहीत.

मग घोरल्यासारखा आवाज आला.

तिनं पाय सोडले, आणि तो पोत्यासारखा कलंडला. सर धावले, त्याला उताणं केलं, पाय वर धरले. ज्ञानेश्वरी त्याच्या छातीकडं बघत होती. हलतेय का? हलत होती. पाच-सात सेकंदांत त्यानं डोळे उघडले.

"कोन जिंकलं?" त्यानं विचारलं.

सरांनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, दवाखान्यात नेऊन दाखवून आणलं. काही झालं नव्हतं. निघताना त्यांनी ज्ञानेश्वरीला विचारलं, "त्याची शुद्ध गेली हे तुला कधी कळलं?"

"आवाज आला तेव्हा," ती म्हणाली.

दोन रात्री तिला नीट झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी क्लासआधी तिनं वाल्मिकला जिन्यातच गाठलं.

"मला आधीच कळलं होतं. तुमचा हात सैल पडला तेव्हा. मी दोन सेकंद धरून ठेवलं."

"का?"

"तुम्ही हसला होतात."

तो मान चोळत उभा राहिला. "मरतो न्हाई का मानूस अशानं?"

"मरू शकतो. म्हणून सांगतेय. सरांनाही आता सांगणार आहे."

"मलाबी कळत हुतं, शुद जाती आता म्हनून," तो म्हणाला. "पन बाईमानसापुढं थापटायचं, ह्ये हाताला जमंना."

दोघं वर गेले. तिनं सरांना सगळं सांगितलं. सरांनी आवाज चढवला नाही, पण दोन आठवडे तिला कोणाशी खेळू दिलं नाही. वाल्मिकनं स्वतःसाठी दुसरा जोडीदार मागून घेतला. ज्ञानेश्वरी रोज येत राहिली. भिंतीला टेकून बसायची आणि खेळणाऱ्यांच्या हातांकडं बघायची.